भिडे वाड्यातली शाळा पुढे कुठे गेली?

पाटीपेन्सिल

परवा भाचीला घेऊन दगडूशेठला गेले होते. दर्शन झाल्यावर तिला समोरची जागा दाखवली आणि म्हटलं, इथे भिडे वाडा होता, इथे सावित्रीबाई शिकवायच्या. भाची सातवीत आहे. तिने लगेच विचारलं, "मग ती शाळा आता कुठे आहे?"

मला उत्तर देता आलं नाही. हुजूरपागा आहे, सेवासदन आहे, कर्व्यांची संस्था आहे. मग जिथून सगळं सुरू झालं ती शाळा कुठे गेली? बंद पडली? की दुसऱ्या नावाने चालू आहे? १ जानेवारी १८४८ ही तारीख आपण सगळे घोकतो, पण शाळा संपली कधी आणि का, हे मला कुठल्याच पाठ्यपुस्तकात वाचल्याचं आठवत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं. भाचीला उत्तर द्यायचं आहे.

सदाशिवपेठी

चांगला प्रश्न. वाचनखूण साठवली आहे.

मुठाकाठ

वाडा तर पाडला ना. ४ डिसेंबर २०२३ च्या रात्री, पोलीस बंदोबस्तात. तेरा वर्षं कोर्टात अडकलं होतं. ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने दुकानदारांची याचिका फेटाळली, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, आणि महिन्याभरात महापालिकेने ताबा घेतला. आता तिथे स्मारक होणार आहे.

पाटीपेन्सिल

मुठाकाठ, वाड्याचं माहीत आहे. मी शाळेचं विचारते आहे. वाडा १७५ वर्षं उभा होता, शाळा त्यातली किती वर्षं तिथे होती?

खडूफळा

हा प्रश्न कोणी विचारेल याची मी फार दिवस वाट पाहत होतो. चौतीस वर्षं शिक्षकी केली आणि दर ३ जानेवारीला मुलांसमोर भाषण केलं. लांबलं तर सांभाळून घ्या.

एक शाळा एका वाड्यात सुरू झाली आणि तिथेच बहरली, असं चित्र आपल्या डोक्यात आहे. ते बरोबर नाही. बुधवार पेठेत तात्यासाहेब भिडे यांनी जागा दिली आणि सहा मुलींवर शाळा सुरू झाली. त्या दिवशी सावित्रीबाईंना सतरा पूर्ण व्हायला दोन दिवस कमी होते, जोतीराव विशीतले. पुढच्याच वर्षी दोघांना वडिलांचं घर सोडावं लागलं. पैसा नाही, राहायला जागा नाही, लोकांचा विरोध. ती पहिली शाळा काही महिन्यांतच थांबली.

म्हणजे भाचीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर असं, की भिडे वाड्यातली शाळा वर्षभरही धड टिकली नाही.

पण ३ जुलै १८५१ ला बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा पुन्हा सुरू झाली. पहिल्या दिवशी आठ मुली होत्या, थोड्याच काळात त्या अठ्ठेचाळीस झाल्या. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला रास्ता पेठेत दुसरी, आणि १५ मार्च १८५२ ला वेताळ पेठेत तिसरी. वेताळ पेठ म्हणजे आजची गुरुवार पेठ. बंद पडलेलं काम अडीच-तीन वर्षांनी पुन्हा उभं केलं आणि नऊ महिन्यांत तिप्पट वाढवलं. मला १८४८ पेक्षा १८५१ चं जास्त कौतुक आहे. पहिल्यांदा सुरू करताना पुढे काय वाढून ठेवलंय ते माणसाला ठाऊक नसतं. दुसऱ्यांदा सगळं ठाऊक असतं.

वाईची_लेक

काका, शेवटची दोन वाक्यं वाचून अंगावर काटा आला. शाळेत दर वर्षी भाषणं ऐकली, पण मधे शाळा थांबली होती हे कुणीच सांगितलं नव्हतं.

सदाशिवपेठी

+१

गोलपार्क_निवासी

गेली बावीस वर्षं कोलकात्यात आहे, म्हणून थोडं वेगळं सांगतो. रागावू नका. इकडे "भारतातली पहिली मुलींची शाळा" म्हटलं की बेथून शाळेचं नाव निघतं, ती मे १८४९ ची, म्हणजे पुण्यानंतरची. तोवर ठीक. पण कोलकात्याजवळ बारासातला १८४७ मध्ये प्यारीचरण सरकार, नवीनकृष्ण मित्र आणि कालीकृष्ण मित्र यांनी मुलींची शाळा काढली होती. तीही भारतीयांनी, मिशनची नव्हे. त्यांनाही वाळीत टाकण्यापर्यंत त्रास झाला. ती शाळा आजही चालू आहे. मग "पहिली" कोणती?

मुठाकाठ

झालं सुरू. आता हा धागा शंभरी गाठणार.

दस्तऐवज

गोलपार्क, यात रागावण्यासारखं काहीच नाही. पुढे जाऊन सांगतो, अमेरिकन मिशनने मुंबईत १८२४ मध्येच मुलींची शाळा काढली होती. जोतीरावांनी हे कधी लपवलं नाही. अहमदनगरला मित्राबरोबर गेलो, मिशनच्या फरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या, त्या फार आवडल्या आणि पुण्याला येऊन शाळा काढली, असं त्यांनी स्वतः सांगितलं आहे. १८५३ च्या ज्ञानोदयात ते छापून आलं आहे. आईमुळे मुलात होणारी सुधारणा फार मोलाची असते, हा विचारही तिथेच आहे.

मग पुण्याचं वेगळेपण काय? मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. बेथूनची शाळा घरंदाज हिंदू कुटुंबांतल्या मुलींसाठी होती. पुण्यात भिडे वाड्यातल्या सहा मुलींत चार ब्राह्मण, एक मराठा आणि एक धनगर होती, आणि पाठोपाठ महार-मांगांच्या मुलामुलींसाठीही याच लोकांनी शाळा काढल्या. दुसरी गोष्ट म्हणजे शिकवणारी बाई इथलीच होती. ती शिकून तयार झाली आणि रोज रस्त्याने चालत शाळेत गेली. "पहिली" या शब्दावर भांडण्यापेक्षा मी हे दोन मुद्दे सांगेन. त्यांना बारासातमुळे धक्का लागत नाही.

गोलपार्क_निवासी

हे पटलं. बारासातच्या शाळेत एकदा गेलो होतो. तिथल्या बाईंना सावित्रीबाईंचं नाव माहीत होतं. आपल्यापैकी किती जणांना बारासात माहीत आहे, हे मात्र मनात आलं.

पाटीपेन्सिल

मला आत्ताच कळलं. धन्यवाद दादा. भाचीच्या वहीत दोन्ही लिहिते.

तिसरा_मजला

फातिमा शेख यांच्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. मध्यंतरी त्या मुळात होत्याच नाहीत असं कुणीतरी म्हणालं आणि त्यावर मोठा गदारोळ झाला.

दस्तऐवज

होत्या. सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ ला माहेरहून, नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमाचा उल्लेख आहे. सावित्रीबाई आजारी होत्या, पुण्यातल्या कामाचा सगळा भार फातिमावर पडला असणार याची त्यांना चिंता होती, आणि ती कुरकुर करणार नाही याची खात्रीही होती. आजारपणातही मागे राहिलेल्या सहकाऱ्याची काळजी करावी, यातून दोघींचं नातं दिसतं. बाकी त्यांच्या नावावर जे खूप काही खपवलं जातं त्यापासून दूर राहावं. एवढं पत्र पुरेसं आहे.

वाईची_लेक

अवांतर होईल, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या तालुक्याच्या गावी मुलींची वेगळी शाळा होती. माझी आजी तिथे शिकली, आई शिकली, मीही चौथीपर्यंत. नंतर पट कमी झाला म्हणून ती मुलांच्या शाळेत विलीन केली. नाव गेलं, पाटी गेली. आता तिथे गोडाऊन आहे. मी कुणाला दोष देत नाही, मुलं-मुली एकत्र शिकतात हे चांगलंच आहे.

आईच्या जन्मतारखेच्या दाखल्यासाठी मागच्या वर्षी नव्या शाळेत गेले. कारकून काकांनी जुन्या शाळेचं जनरल रजिस्टर काढून दिलं. लांबलचक, जाड पुठ्ठ्याचं, कडेला वाळवीने खाल्लेलं. टाकाने लिहिलेली नावं, शाई तपकिरी झालेली. शेवटून दुसरा रकाना "शाळा सोडण्याचे कारण". बोट ठेवून खाली खाली वाचत गेले. लग्न झाले. लग्न झाले. गावी गेली. लग्न झाले. घरकामामुळे. मयत. लग्न झाले. इयत्ता दुसरी, इयत्ता तिसरी. आजीची ओळ सापडली: इयत्ता चौथी, लग्न ठरले. आईची ओळ बऱ्याच पानांनंतर: सातवी उत्तीर्ण, हायस्कुलास दाखल.

काकांना विचारलं, फोटो काढू का? म्हणाले, काढ की बाळ, पण पान जपून उलट.

धाग्याचा प्रश्न वाचला तेव्हा मला ते रजिस्टरच आठवलं. शाळा बंद का पडते, याचं अर्धं उत्तर त्या रकान्यात असतं.

खडूफळा

बाळ, रजिस्टरचे ते फोटो जपून ठेव. आणखी दोन जागी प्रती करून ठेव.

तुझ्या रकान्यावरून एक मुद्दा निघतो. त्या काळात मुलीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी व्हायचं. शाळेत आलेली मुलगी दोन-तीन वर्षांत सासरी. म्हणजे दर दोन वर्षांनी शाळा नव्याने भरायची, घरोघर जाऊन पुन्हा आईबापांच्या पाया पडायचं. शिक्षकाला हे काम किती दमवतं ते मी पटनोंदणीला पायपीट केली आहे म्हणून जाणतो. तरीही १८५३ च्या जाहीर परीक्षेला २३७ मुली बसल्या होत्या आणि ती पाहायला सुमारे ३००० माणसं लोटली होती. मुली भर सभेत प्रश्नांची उत्तरं देताहेत आणि पुणं उभं राहून ऐकतंय!

सदाशिवपेठी

३००० माणसं! आमच्याकडे पालकसभेला तीस येत नाहीत.

तिसरा_मजला

यांना पैसे कुठून मिळत? हे मिशनचं नाही, सरकारी नाही. फी तर घेत नसतील.

दस्तऐवज

शाळा "स्वतंत्र" होती म्हणजे काय, हे पैशाच्या बाजूनेच समजतं. १८५१ नंतर कारभार एका मंडळीकडे होता. बापू रावजी मांडे, केशव शिवराम भवाळकर, अण्णासाहेब चिपळूणकर, विष्णू मोरेश्वर भिडे असे लोक त्यात होते. भवाळकर आणि जोतीरावांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे, सखाराम यशवंत परांजपे या नावांवर थांबा थोडं. शाळेला विरोध करणारे ब्राह्मण आपल्याला पाठ असतात, पाठीशी उभे राहिलेले विसरले जातात. जोतीराव त्यांना विसरले नव्हते.

पैसा वर्गणीतून यायचा, त्यात इंग्रज अधिकाऱ्यांची वर्गणी मोठी. शिवाय दक्षिणा फंडातून महिन्याला ७५ रुपये. दक्षिणा म्हणजे पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना वाटली जायची तीच. त्याच रकमेतला काही भाग त्याच शहरातल्या मुलींच्या शाळेला मिळू लागला. विरोध का भडकला असेल, हे यावरूनही कळतं.

१६ नोव्हेंबर १८५२ ला विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा शाल देऊन सत्कार झाला. भिडे वाड्यापासून विश्रामबाग पायी पाच-सात मिनिटं. तेवढ्या अंतरात शेण आणि शाल दोन्ही.

मुठाकाठ

हे अंतर मी रोज चालतो. आता तसंच चालता येणार नाही.

वाईची_लेक

शेण अंगावर आलं की शाळेत जाऊन बदलायला दुसरं लुगडं, ही गोष्ट खरी आहे ना?

खडूफळा

ती आठवण त्यांच्याबरोबर जाणाऱ्या शिपायाची, बळवंत सखाराम कोल्हे यांची. सावित्रीबाई थांबून त्या लोकांना शांतपणे दोन शब्द बोलायच्या आणि पुढे जायच्या, असंही त्यांनी सांगितलं आहे. वर्गात मी हे सांगायचो तेव्हा मुली एकच प्रश्न विचारायच्या, "सर, ते लुगडं धुवायचं कोण?" मी म्हणायचो, त्यांनीच धुतलं असणार, आणि दुसऱ्या दिवशी तेच नेसून पुन्हा निघाल्या असणार.

पाटीपेन्सिल

सगळे किती मनापासून लिहीत आहात. पण माझा मूळ प्रश्न अजून अर्धाच सुटलाय. १८४८ ची थांबली, १८५१ च्या तीन शाळा झाल्या. त्या तीन कुठे गेल्या?

दस्तऐवज

हो, तिकडे वळू.

१८५७ चा उठाव झाला आणि युरोपियन वर्गणीदारांचा हात आखडला. त्याच सुमारास मंडळीतही मतभेद होते आणि १८५८ मध्ये जोतीराव कारभारातून बाजूला झाले. पण शाळा तिथे संपल्या नाहीत. पुरावा खुद्द त्यांचाच आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, दिलेल्या निवेदनात ते म्हणतात, की आठ-नऊ वर्षं काम केल्यावर ज्या कारणांचा तपशील इथे देण्याची गरज नाही अशा कारणांनी मी त्या कामातून निघालो. मुलींच्या शाळा मंडळीने शिक्षण खात्याच्या स्वाधीन केल्या, त्या मिसेस मिचेल यांच्या देखरेखीखाली अजून चालू आहेत. महार-मांगांची शाळाही चालू आहे, पण तिची अवस्था समाधानकारक नाही.

म्हणजे १८८२ पर्यंत त्या चालूच होत्या. बंद पडल्या नाहीत, हाती दिल्या गेल्या. एका बिनसरकारी शाळेचं सरकारी शाळेत रूपांतर झालं आणि त्यात तिचं नाव विरून गेलं.

खडूफळा

"तपशील देण्याची गरज नाही." या वाक्यावर मी अनेकदा थांबलो आहे. आयोगापुढे उभं राहून मनातली सगळी खदखद मांडण्याची ती संधी होती. शेतकऱ्यांच्या पोरांना शाळा नाही, याबद्दल ते तिथे कडाडून बोलले. आपण जे उभारलं आणि ज्यातून निघावं लागलं, त्याबद्दल मात्र एका ओळीत आवरलं. संस्था उभी करून मग ती सोडलेल्या माणसालाच त्या ओळीचं वजन कळेल.

तिसरा_मजला

मी एका वाचनालयातून असाच बाहेर पडलो आहे. काका, कळलं.

गोलपार्क_निवासी

मिसेस मिचेल म्हणजे पुण्यातल्या नॉर्मल स्कूलच्या? सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण त्यांच्याकडेही झालं ना?

दस्तऐवज

मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये आणि नगरला फरारबाईंकडे सावित्रीबाई शिकल्या. सुरुवातीला घरी जोतीरावांनी शिकवलं, पुढे गोवंडे, परांजपे आणि भवाळकरांनीही शिकवलं.

वाईची_लेक

आणि त्या शाळांमधून बाहेर पडलेली मुक्ता साळवे! तिचा निबंध १८५५ मध्ये ज्ञानोदयात दोन भागांत छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. आमचा धर्म कोणता ते सांगा, असं ती मुलगी सरळ विचारते. आम्ही तो बीएला वाचला. वर्गात वाचताना बाईंचा आवाज भरून आला होता, मग पुढचा परिच्छेद मी वाचला.

शाळा कुठे गेली म्हणून विचारताय ना पाटीपेन्सिलताई? इमारत गेली, पाटी गेली, पण हा निबंध आहे. त्या शाळेतल्या मुलीने स्वतः लिहिलेला, शब्दन् शब्द तिचा. माझ्या आजीच्या शाळेतून रजिस्टरच्या एका ओळीपलीकडे काही उरलं नाही.

मुठाकाठ

हा निबंध स्मारकात लावला पाहिजे. भिंतभर. संपूर्ण.

सदाशिवपेठी

सहमत. पुतळे पुष्कळ आहेत.

खडूफळा

आणि मुलींना तिथे बसून वाचता आलं पाहिजे. नुसतं बघून पुढे जाण्याची जागा नको.

तिसरा_मजला

हुजूरपागेचा यांच्याशी काही संबंध? माझी बहीण तिथली.

दस्तऐवज

थेट संबंध नाही. हुजूरपागा २९ सप्टेंबर १८८४ ची. रानडे, भांडारकर, वामनराव मोडक यांनी ती उभी केली, पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर, म्हणून हुजूरपागा. तिच्यावरही केसरीतून टीका झाली, मुलींना इंग्रजी आणि उच्च शिक्षण कशाला म्हणून. छत्तीस वर्षांत वाद "मुलींना शिकवावं का" इथून "मुलींना किती शिकवावं" इथवर आला, आणि त्या पुढे येण्यात बुधवार, रास्ता आणि वेताळ पेठांतल्या त्या शाळांचा वाटा आहे.

पाटीपेन्सिल

आज भाचीला सगळं वाचून दाखवलं. तिने वहीत असं लिहिलं आहे, तिच्याच शब्दांत देते:

"भिडे वाड्यातली शाळा थोडे महिने चालली. मग थांबली. मग तीन ठिकाणी परत सुरू झाली. मग सरकारला दिली. जोतीरावांना का सोडावी लागली ते त्यांनी सांगितलं नाही. मुक्ताचा निबंध वाचायचा आहे."

आता ती विचारते आहे, चिपळूणकरांचा वाडा नेमका कुठे होता, आणि रास्ता पेठेतली शाळा कोणत्या गल्लीत? आम्ही दोघी रविवारी सकाळी दगडूशेठसमोरून चालत निघणार आहोत. आधी विश्रामबाग, मग गुरुवार पेठ, मग रास्ता पेठ. कुणी येणार असेल तर साडेसातला या.

मुठाकाठ

मी आहे.

खडूफळा

गुडघे दुखतात, पण गुरुवार पेठेपर्यंत येईन. मुक्ताच्या निबंधाची प्रत भाचीसाठी आणतो.

वाईची_लेक

वाईहून पहिली एसटी पकडते. रजिस्टरचे फोटो छापून आणते, काकांना दाखवायचे आहेत.